दाखला कोणाच्या नावाचा?



बी.एड. किंवा डी.एड. करणाऱ्या बाईला सरकारकडून काय मिळू शकते, हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येणाऱ्या मुली आणि बाया गेल्या दोन वर्षांत वाढल्या आहेत. (डी.एड.चे नाव आता डी.एल.एड. झाले आहे. पण चाकणपासून दापोडीपर्यंत ते नाव मी कागदाबाहेर फारसे ऐकलेले नाही, म्हणून इथेही डी.एड.च म्हणते.) प्रश्न साधा आहे. उत्तर देण्याआधी मात्र आम्हालाच तिला प्रश्न विचारावे लागतात. लग्न झाले आहे का? नवरा कुठे असतो, त्याचा पगार किती? वडिलांचे रेशनकार्ड कुठल्या गावचे? २१ वर्षे पूर्ण झाली का? घरात आणखी एखादी अविवाहित बहीण आहे का? ती काय शिकते, रोज किती तास शिकते आणि तोवर पोट कशावर भरते, हे विचारायची वेळ सगळ्यात शेवटी येते. अर्जाच्या रकान्यांत तर ती येतच नाही.

हे एका बाईचे गाऱ्हाणे असते तर मी त्यावर संपादकीय लिहिले नसते. पण एकामागून एक अर्ज भरताना लक्षात येते की शिक्षिका होऊ पाहणारी बाई या सगळ्या योजनांना दोनच रूपांत दिसते : कोणाची तरी मुलगी किंवा कोणाची तरी बायको. ती काम करते आहे, हे कोणालाच दिसत नाही.

काम करते म्हणजे काय, ते आधी आकड्यांत पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. डी.एड. पूर्वीपासूनच दोन वर्षांचे. दोन्हींसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि आठवड्याला किमान ३६ तास संस्थेत हजर राहायचे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवायचे, त्यांतले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात. एरवी हजेरी ८० टक्के चालते, शाळेतल्या या उमेदवारीला ९० टक्के लागते. १६ आठवडे म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने ९६ दिवस. त्यांतले नऊ दिवस तुमचे. मूल तापाने फणफणले, सासू पडली, पाळीच्या दुखण्याने उठवेना, पावसात बस आलीच नाही, हे सगळे त्या नऊ दिवसांत बसवायचे. रात्री पाठाची टाचणे काढायची, तक्ते रंगवायचे, ते तासांत धरलेले नाही.

आणि शाळेत ही बाई नुसती मागच्या बाकावर बसून पाहत नसते. ती पाठ घेते, वह्या तपासते, परिपाठाला उभी राहते. शाळेतले शिक्षक मतदारयादीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला गेले की वर्ग तिच्याच अंगावर पडतो. दोन शिक्षकी शाळेत तर ती आली म्हणून एखादा वर्ग पहिल्यांदा पूर्ण दिवस भरतो. या कामाचा मोबदला शून्य आहे, आणि येण्याजाण्याचा खर्च तिचा.

आता आपल्या पट्ट्यात याच वयाच्या मुलीपुढे दुसरे कोणते दार आहे ते पाहा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात एम.आय.डी.सी. आली, नव्वदीनंतर कारखाने नाशिक रस्त्याने चाकणच्या माळावर चढले. पूर्वी या कारखान्यांत बाई दिसायची ती झाडूवाली, कॅन्टीनवाली किंवा टायपिस्ट. आता लाइनवर मुली उभ्या असतात. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांची जुळणी करणाऱ्या विभागात दीड हजारांवर बायका काम करतात, असे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. आपल्यातल्या कित्येकींनी कारखान्याची दारे बायकांना उघडावीत म्हणून भांडणे केली आहेत, तेव्हा हे पाहून बरे वाटते. लातूर, नांदेड, वाशीमकडची बारावी झालेली मुलगी मेदनकरवाडीत चौघींत एक खोली घेते, कंपनीची बस तिला उचलते, दुपारचे जेवण कॅन्टीनमध्ये होते आणि महिन्याला हातात काहीतरी पडते.

ते 'काहीतरी' कायद्याने ठरवलेले आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्याखालच्या नियमांत २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा बारावी झालेल्या उमेदवाराला महिना किमान ७,००० रुपये आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून यातला चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार स्वतः सोसते. म्हणजे गाडीचे दार बसवायला शिकणाऱ्या मुलीच्या उमेदवारीत सरकारचा पैसा आहे. पहिलीच्या पोराला अक्षर काढायला शिकवणाऱ्या मुलीच्या उमेदवारीत नाही. डॉक्टर होणाऱ्यालाही शेवटच्या वर्षाच्या उमेदवारीत विद्यावेतन मिळते. जर्मनीत पदवीनंतर शिक्षकी उमेदवारीचा जो काळ असतो तो पगारी असतो. तेव्हा 'शिकणाऱ्याला पैसे कसे द्यायचे' हा प्रश्न जगात आणि आपल्याच कायद्यात कधीच सुटलेला आहे. फक्त त्या कायद्याच्या व्याख्येत शाळा बसवलेली नाही.

कारखान्यातल्या ट्रेनीचे सगळे छान चालले आहे असे मात्र समजू नका. प्रशिक्षणाच्या नावाखाली पूर्ण शिफ्ट राबवून घ्यायचे, मुदत संपली की घरी पाठवायचे आणि नवी तुकडी उभी करायची, हा खेळ या पट्ट्यातल्या प्रत्येक युनियनला ठाऊक आहे. पण तिथे निदान भांडायला एक आकडा आहे, एक कायदा आहे. शिक्षकी उमेदवारी करणाऱ्या बाईकडे भांडायला काहीच नाही.

याचा परिणाम काय होतो, तो उघड बोलला पाहिजे. आठवड्याला ३६ तास बिनपैशाचे देणे ज्या बाईला परवडत नाही, ती एक तर शिक्षण सोडते किंवा हजेरी विकत घेते. 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असे सांगून वर जादा पैसे घेणाऱ्या संस्था आहेत, हे गुपित राहिलेले नाही. या बाईला लबाड म्हणणे सोपे आहे. दिवसा एखाद्या खाजगी बालवाडीत किंवा पॅकिंगच्या कामावर उभी राहून ती त्याच पैशांतून आपली खोटी हजेरी भरत असते. शिकायचे राहते ते राहतेच. पुढे तिच्या वर्गात बसणारी पोरे आपलीच असतात, भोसरीची, मोशीची, कुदळवाडीची.

कोणी म्हणेल, मुलींची फी तर सरकारने माफ केली आहे. केली आहे, आणि ते मोठे पाऊल आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. पण दोन गोष्टी मैत्रिणींना आवर्जून सांगा. एक, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा प्रक्रिया संपल्यावर संस्थेने परस्पर दिलेल्या जागेला माफी नाही. प्रवेशाच्या तारखा हुकलेली बाई इथेच फसते, आणि तारखा हुकतात त्या बहुधा बाळंतपणात किंवा कोर्टाच्या खेपांत. दुसरी गोष्ट, हा निर्णय उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा आहे. बी.एड. त्या विभागाकडे येते, डी.एड. शालेय शिक्षण विभागाकडे. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक बी.एड.ला आणि एक डी.एड.ला, एकच कागद घेऊन दोन विभागांच्या दारात उभ्या राहतात. अर्ज भरण्याआधी कोणता अभ्यासक्रम कोणत्या विभागाचा, एवढे विचारून घ्या.

फी माफ होते. खोलीचे भाडे, डबा, बसचा पास, पाळणाघर माफ होत नाही. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ही योजना एस.टी.ची. आपल्या पट्ट्यात रोजची ये-जा मुख्यतः पी.एम.पी.च्या बसने आणि शेअर रिक्षाने होते. पाळणाघराचे तर नावच नको. २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पण ती कामगारांसाठी. शंभर विद्यार्थिनी असलेल्या अध्यापक महाविद्यालयात कामगार म्हणून मोजायला दहा-पंधरा माणसे, त्यामुळे शंभरांतल्या ज्या आया आहेत त्यांची पोरे आजीकडे, शेजारणीकडे किंवा देवाच्या भरवशावर.

पोटासाठी ज्या योजना आहेत त्यांच्याकडे आता येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. तिच्यात फीबरोबर निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. २०१३ च्या सुमारास ती दोनवरून अडीच लाख झाली आणि २०२१ च्या सुधारित नियमांतही अडीच लाखच राहिली. बाराने भागा : महिना २०,८३३ रुपये. चाकणला ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाचा पगार ओव्हरटाइम धरून २१,००० झाला की वर्षाचे २,५२,००० होतात आणि निर्वाह भत्ता जातो. फीची प्रतिपूर्ती महाराष्ट्रात त्यापुढेही मिळते, पण पोटाचे पैसे बंद. दिवाळीआधी चार रविवार जादा कामाला गेलेल्या माणसाच्या घरात त्या रविवारांची किंमत कोण मोजते ते पाहा.

पण माणूस कोणता? याच शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षानुवर्षे एक टीप छापली गेली : आईवडिलांपैकी कोणी हयात असेल, किंवा विवाहित बेकार विद्यार्थिनीच्या बाबतीत नवरा हयात असेल, तोवर त्यांचेच उत्पन्न धरायचे. 'हयात असेल तोवर.' तो घरात आहे की नाही, पैसे देतो की नाही, याबद्दल एक शब्द नाही. आता जातीच्या दाखल्याकडे वळा. जात लग्नाने बदलत नाही, ती जन्माची, म्हणून दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या कागदांवर. वडिलांचे, चुलत्यांचे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले हवेत. म्हणजे राखीव जागेवर बी.एड.ला जाणाऱ्या विवाहित बाईला जात वडिलांकडून आणायची आणि गरिबी नवऱ्याकडून. दोघांपैकी एकाशी तरी संबंध बिघडले की अर्ज अडला.

टाकलेल्या बाईचे तर दोघांशीही बिघडलेले असतात. आमच्याकडे आलेली एक बाई, वय २७, भोसरीत आईजवळ राहते, मूल चार वर्षांचे. नवरा चाकणला एका कंपनीत कामाला आहे आणि दुसरे घर करून राहतो. घटस्फोट नाही, कारण तो कोर्टात येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला नवऱ्याच्या पगाराचा कागद मागितला गेला. तो त्याने दिला असता तरी तिची पंचाईतच झाली असती, कारण त्याचा पगार मर्यादेच्या वर आहे! ज्या पगारातला एक रुपया तिच्या हातात पडत नाही त्या पगारामुळे ती सरकारदरबारी श्रीमंत ठरते. आईच्या नावावर दाखला काढावा तर आईच्या रेशनकार्डावरून तिचे नाव लग्नात कमी झालेले. या मुलीने बी.ए. केले ते लग्नाआधी. आता पाठ घ्यायला उभी राहिली की वर्ग गप्प होतो, असे तिच्या शाळेतल्या बाई सांगतात. तिचे बी.एड. सध्या आईच्या धुण्याभांड्याच्या कामावर चालले आहे. आईला गुडघ्याचा त्रास आहे.

'स्वाधार'चे ऐका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही चांगली योजना २०१६-१७ साली आली. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत जेवण, राहणे आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरले. अट अशी की विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा. बाहेरगावच्या मुलांसाठी आखलेल्या योजनेत ही अट असणार, ते समजू शकते. पण सासर सुटल्यावर दापोडीत भाड्याची खोली घेऊन राहणारी बाई स्थानिक आहे, म्हणजे तिला घर आहे, असे त्यातून गृहीत धरले जाते. स्थानिक असणे आणि घर असणे यांतला फरक बाईइतका कोणाला ठाऊक असतो?

'लाडकी बहीण' सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि कुटुंबातली एकच अविवाहित बाई पात्र. बारावीनंतर डी.एड. करणारी मुलगी १८ ते २० वर्षांची असते, ती वयातच बसत नाही. बी.एड.ची बसते, पण तिची बहीण आधीच लाभ घेत असेल तर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली गेली. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी ओरड केल्यावर त्यांच्यासाठी वेगळे कागद देण्याची सोय आणि मुदतवाढ झाली. ज्यांच्याकडे ना मृत्यूचा दाखला ना घटस्फोटाचा हुकूम, त्या मधल्या बायका ओ.टी.पी.साठी ज्याने मारले त्यालाच फोन करायचा की काय, असे विचारत आल्या.

आणि हे वाचून तुम्हाला हसू येईल. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन होते. या प्रशिक्षणार्थींना जिल्हा परिषदेच्या शाळांतही नेमले गेले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. अट अशी की शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही. म्हणजे एकाच शाळेत, एकाच व्हरांड्यात, दोन तरुण बायका मुलांना पाढे म्हणून घेत होत्या. एकीला सरकार विद्यावेतन देत होते, कारण ती शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत नव्हती. दुसरीला देत नव्हते, कारण ती घेत होती.

शिक्षिका तयार करायची तर तिच्या पोटाची सोय करावी लागते, हे कोणालाच सुचलेले नाही असे समजू नका. सावित्रीबाईंनी अहमदनगरला आणि पुण्याला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्यात मुलींचे ट्रेनिंग कॉलेज १८७० साली सुरू झाले. १८८२ च्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातून यावा आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असा आकड्यानिशी आग्रह धरला. त्याच आयोगाने स्त्री शिक्षिका मिळाव्यात म्हणून शिफारस केली की शाळामास्तरांच्या बायकांना शिकण्यासाठी सढळ उत्तेजन द्यावे आणि योग्य प्रसंगी विधवांना या व्यवसायाचे शिक्षण द्यावे. पुढे हिंगण्याला अण्णा कर्व्यांनी आणि १९०९ नंतर पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी विधवांना आणि इतर बायकांना राहण्याजेवण्याची सोय करून शिकवले, त्यांतून कित्येक शिक्षिका झाल्या.

आयोगाची यादी पुन्हा वाचा : मास्तराची बायको आणि विधवा. एकीला नवरा आहे, एकीचा गेला आहे. नवरा जिवंत आहे पण नाही, अशी बाई त्या यादीत नव्हती. १४० वर्षांनंतरच्या ई-केवायसीत सुरुवातीला तीच यादी होती.

परित्यक्तांचा प्रश्न आपल्या चळवळीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संगमनेरपासून राज्यभर नेला. स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी तेव्हाच पुढे आली. १९९४ साली महाराष्ट्राचे महिला धोरण आले तेव्हा वाटले होते की बाईला कुटुंबाबाहेर स्वतंत्र नागरिक म्हणून मोजायला आता सुरुवात होईल. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बाईलाही जागा आहे, म्हणजे शासनाला हा शब्द आणि ही स्थिती कळत नाही असे नाही. तिथे स्थानिक चौकशीवर दाखला देता येतो, तर शिष्यवृत्तीच्या अर्जावर का देता येऊ नये? पण तिथली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. निराधार ठरायला दिवसाला ५७ रुपयांच्या आत जगावे लागते. बाई निराधार असेल तर तिची दया करू, शिकून आधार मिळवायला निघाली तर नवऱ्याचा दाखला आण, असा हा हिशेब आहे.

आता घाई का, ते सांगते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षक प्रशिक्षण संस्थांतली शिक्षण फी रद्द करावी आणि विद्यावेतने व कर्जे सढळ द्यावीत असे म्हटले होते. फीचे काम मुलींपुरते आणि अर्धेमुर्धे व्हायला जवळजवळ साठ वर्षे लागली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. चार वर्षांच्या शिक्षणाला माझा विरोध नाही. शिकवणे दोन वर्षांत येते असे मी कधीच मानले नाही. पण खेड, मावळ, मुळशीच्या गावांतल्या आणि आपल्या वस्त्यांतल्या गरीब मुलींना बारावीनंतर दोन वर्षांत कमाईकडे नेणारी वाट डी.एड. हीच होती. प्राथमिकसाठी बी.एड. चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितल्यावर ती पुन्हा जरा उजळली होती. ती बंद होऊन चार वर्षांची झाली, आणि खाण्याराहण्याची सोय आजच्यासारखीच राहिली, तर प्राथमिक शाळेतली शिक्षिका कोणत्या घरातून येईल? त्या धोरणात गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या द्याव्यात असे लिहिले आहे. गुणवत्ता कोण मोजणार आणि दाखला कोणाच्या नावाचा मागणार, तिथेच आपल्याला आत्ता बोलायचे आहे.

आमच्या बैठकीत यावर एकमत झाले नाही, तेही सांगायला हवे. काही जणींचे म्हणणे, नोकऱ्याच नाहीत तर विद्यावेतन कशाला? टी.ई.टी. द्या, मग अभियोग्यता चाचणी द्या, मग 'पवित्र' पोर्टलवर वर्षानुवर्षे वाट पाहा. या आक्षेपात तथ्य आहे. माझे म्हणणे असे की गरजेपेक्षा जास्त जागा असतील तर त्या कमी करा, पण जिला आत घ्याल तिला उपाशी ठेवू नका. दुसऱ्या काही जणींना भीती वाटते ती मानधनाची, आणि ही भीती मला जास्त खरी वाटते. अंगणवाडी ताई, आशा ताई मानधनावर अडकल्या. २००० साली शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये होते. पुढे ६,००० झाले ते दहा-अकरा वर्षे तिथेच थांबले, २०२३ मध्ये १६,००० झाले. तेव्हा उमेदवारीचे विद्यावेतन मागताना ते शिक्षकाच्या रिकाम्या जागेच्या बदल्यात नको, हे आपल्या निवेदनात पहिल्या ओळीत असले पाहिजे. उमेदवार आली म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवता येणार नाही, हेही.

मागणी मोठी नाही. २० आठवड्यांच्या शाळेतल्या उमेदवारीला कारखान्यातल्या उमेदवाराइतकेच विद्यावेतन द्या. २०१९ च्या दराने पाच महिन्यांचे डी.एड.ला ३५,००० आणि बी.एड.ला ४५,००० रुपये होतात, तेही दोन वर्षांत मिळून. वेगळ्या राहणाऱ्या बाईचे उत्पन्न म्हणजे तिचे स्वतःचे उत्पन्न, असे शिष्यवृत्तीच्या नियमांत लिहा आणि त्यासाठी नवऱ्याचा कोणताही कागद मागू नका. बाळंतपणाची रजा ९० टक्के हजेरीतून वगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यार्थिनींच्या मातृत्व रजेचे आणि हजेरीच्या सवलतीचे नियम करा, असे विद्यापीठांना कळवले आहे. अध्यापक महाविद्यालयात जाऊन विचारा, ते नियम फलकावर लावले आहेत का.

हे निवेदन शालेय शिक्षण, उच्च शिक्षण, सामाजिक न्याय आणि महिला व बालविकास या चारही विभागांना एकदमच द्यायचे आहे, कारण एका दारातून दुसऱ्या दारात पाठवण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. त्याला जोडायला आपल्या वस्त्यांतली आणि गावांतली माहिती हवी. ज्या गटांकडे अशा बाया आल्या असतील त्यांनी एका कागदावर चार गोष्टी लिहून पाठवाव्यात : वय, अभ्यासक्रम, कोणता अर्ज केला होता आणि तो कोणत्या रकान्यावर अडला. बाईचे नाव नको, नवऱ्याचेही नको.